निरोप कुणाकडे जातात

२ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरते. दिवसभर दुसऱ्यांच्या वेबसाइट्स बांधायच्या आणि सख्ख्या बहिणीला मात्र टपालानं पत्र पाठवायचं, याचं माझ्या शेजारणीला फार हसू येतं. तिला मी मामीचा नियम सांगितला. फोनवर भांडण होतं, कागदावर माणूस निदान पेनाचं टोपण काढेपर्यंत तरी थांबतो. मामीला फोनवर ऐकू येत नाही आणि ते ती कबूलही करत नाही, हे मात्र सांगितलं नाही.

आता बातमी. आजारी माणसांना चाकाच्या खुर्च्या आणि पलंग वापरायला देणाऱ्या आपल्या संस्थेची नवी वेबसाइट सोमवारी सुरू झाली. ‘आपल्या’ म्हटलं, कारण ती मुळात तुझीच. तुझा खांदा धरला तेव्हा दोन महिने सांभाळ म्हणून तू ती माझ्या गळ्यात टाकलीस, आणि संचालकबाईंनी सगळीच नव्यानं करायला सांगितली. तुझ्या हिरव्या रंगाला त्या कंटाळल्या होत्या. रागावू नकोस ताई, पण तो रंग दवाखान्यातल्या पडद्याचा होता. आता पहिल्याच पानावर मोठा फोटो आहे. आवारात मिस्त्री खुर्चीचं चाक फिरवून बघतोय आणि एक आजी त्याच्यावर करडी नजर ठेवून बसल्यात. फोटो मीच काढला. संचालकबाईंनी सगळ्या ऑफिसला बोलावून दाखवला आणि माझी ओळख ‘आमच्या वेबसाइटवाल्या बाई’ अशी करून दिली. मी लाजून चूर.

अजून एक, पण अजून कुणाला बोलू नकोस. संस्थेच्या बाकीच्या सगळ्या शाखांच्या वेबसाइट्स एकाच हातानं करून घ्यायचं त्यांच्या मनात आहे. एप्रिलच्या बैठकीत ठरेल. नव्या वेबसाइटवरून किती माणसं मदत मागायला येतात, त्यावर सगळं अवलंबून. मिळालं तर दोन वर्षं दारोदार काम शोधत हिंडायला नको.

तुझा एक भाग मात्र मी जसाच्या तसा उचलला आहे. लोक ज्यातून निरोप पाठवतात तो फॉर्म. बाकीची पानं दहादा तपासली, फॉर्म नाही तपासला. तुझं काम काय तपासायचं?

खांद्याचा व्यायाम करतेस ना? लोभ आहे तेवढा असू दे, वाढवायचं माझ्याकडे लागलं.

तुझी,
बारकी


९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. वेबसाइट पाहिली. छान आहे. अगदी छान. फोटो इतका मोठा आहे की संस्थेचा फोन नंबर शोधायला मला चष्मा पुसून घ्यावा लागला, पण हल्ली तशीच पद्धत असेल. आजी सुरेख आल्यात. मिस्त्रीचं पोट जरा जास्त आलंय.

हिरव्या रंगाचं म्हणशील तर तो मी डोळे मिटून निवडला नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना विचारून आले होते, डोळ्यांना काय सोसतं म्हणून. असो. पडदा तर पडदा.

खांदा आता पूर्ण बरा आहे. हात वर जातो, मागे जातो, वेणीही घालता येते. डिसेंबरातच बरा झाला. तुला तसं कळवलंही होतं, पण कामाच्या धबडग्यात तुझ्या लक्षात राहिलं नसेल. तुझे ते ‘दोन महिने’ आता कुठल्या कॅलेंडरात मोजायचे ते संचालकबाईच जाणोत.

सध्या माझ्याकडे एक किल्ल्या बनवणारा आहे. त्याला प्रत्येक पानावर स्वतःचा फोटो हवा. नाचाच्या क्लासवाल्या बाईंना पान उघडलं की गाणं वाजायला हवंय. मी दोघांनाही नाही म्हणते, आणि दोघंही मला त्या खुर्च्यांच्या नव्या वेबसाइटचं उदाहरण देतात. ती कुणी केली ते मी सांगत नाही. उगाच तुझी जाहिरात माझ्या तोंडून कशाला?

शाखांचं काम तुला मिळालं तर मला आनंदच आहे. आनंद न व्हायला काय झालं?

थोरली असल्यामुळे आशीर्वाद द्यावेच लागतात. ते मनापासून आहेत असं समजून चाल.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

बारकीला आत्ताच गोडगोड पत्र लिहून पाकीट चिकटवलं, आणि तोंड इतकं कडू झालं की लगेच तुला लिहायला बसले. मामी, मी जळते आहे. दुसरा शब्द नाही. सकाळी उठल्यावर आधी तिची वेबसाइट उघडून बघते, कुठे काही चुकलंय का म्हणून. चुकलेलं काही सापडत नाही, मग माझा दिवस वाईट जातो.

ती संस्था माझं पहिलं काम, तुला ठाऊकच आहे. नोकरी सोडून घरी बसून लहानसहान दुकानांच्या आणि संस्थांच्या वेबसाइट्स करीन म्हटलं तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर मी ती बांधली. पुढे बारकीची नोकरी गेली, तेव्हा तिला त्याच टेबलाशी बसवून शिकवलं कुणी? मी. विहीर मी खणली, आता पाणी ती भरते, आणि वर मला सांगते की विहिरीचा रंग बरा नव्हता.

आता पुढचं वाचशील ते पोटात ठेव. प्रत्येक वेबसाइटवर एक फॉर्म असतो. दाराबाहेर पत्रपेटी असते तसं समज. कुणाला खुर्ची हवी असली, पलंग हवा असला, तर लोक त्यात लिहून टाकतात आणि ते एका ठरावीक पत्त्यावर जाऊन पडतं. मी वेबसाइट केली तेव्हा तिथे माझाच पत्ता घातला होता. रोज सकाळी निरोप वाचायचे, कुणाला काय आणि कधी हवंय ते नीट लावायचं, मग ऑफिसात पुढे पाठवायचे. हे मी आपण होऊन करत होते. ऑफिसातल्यांना वाटायचं निरोप वेबसाइटच असे लावून पाठवते. खांदा धरला तेव्हा डाव्या हातानं पाठवले, पण पाठवले.

बारकीनं तो फॉर्म पत्त्यासकट उचललाय. म्हणजे निरोप अजून माझ्याकडेच येतात. तिला माहीत नाही. आणि नवी वेबसाइट सुरू झाली त्या सोमवारपासून मी पुढे पाठवणं बंद केलंय.

मी काही केलेलं नाही, मामी. फक्त सांगितलं नाही. एप्रिलच्या बैठकीत विचारतील की या देखण्या वेबसाइटवरून किती माणसं आली. एकही नाही. जुनीवरून येत होती. मग त्यांनाच आठवेल मी कोण होते ते.

रागावशील, तरी लोभाची गाठ सोडू नकोस.

तुझी,
मोठी


१७ फेब्रुवारी

चि. मोठीस,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता आणि दुसऱ्यांदा विश्वास बसत नव्हता.

जळतेस त्याचं मला काही नवल नाही. लहानपणी बारकीला नवा फ्रॉक आला की तुला ताप यायचा. खोटा नव्हे, चांगला खरा, मी कपाळाला हात लावून बघितलेला. पण तेव्हा त्या तापानं तूच तापायचीस. आता तुझ्या तापापायी खुर्चीची वाट बघणारी माणसं का खोळंबवतेस? ज्याचा पाय मोडलाय तो तुमच्या भांडणात कुठून आला?

फक्त सांगितलं नाही म्हणतेस. वा गं वा! आतून कडी लावायची, गप्प बसायचं, आणि म्हणायचं मी कुणाला हाकललं नाही. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, एवढं लक्षात ठेव.

मी बारकीला कळवणार नाही. चहाडी माझ्या स्वभावात नाही. पण तिनं सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

तुझे मामा बरे आहेत. तुझं पत्र वाचायला मागत होते, मी दिलं नाही. विचारतात की त्यात एवढं काय आहे. म्हटलं, बायकांच्या खांद्याचं दुखणं आहे.

खांद्याला आणि डोक्याला, दोन्हींना शेक दे. माया आहे म्हणून बोलते, नाहीतर माझं काय अडलंय?

मामी


१ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

या खेपेला चेष्टा सुचत नाहीये, समजून घे. वेबसाइट सुरू होऊन महिना होत आला आणि ऑफिसात एकही निरोप आलेला नाही. एकही! संचालकबाई आधी हसून विचारायच्या, आता हसत नाहीत. परवा म्हणाल्या की पूर्वीची दिसायला साधी होती, पण लोक लिहायचे. ऑफिसातल्या बाईंनी मान डोलावली. मिस्त्रीनंसुद्धा डोलावली, त्याचा काय संबंध?

मी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. माझ्या फोटोमुळे पान उघडायला वेळ लागतो का, म्हणून तो लहान केला. मजकूर सोपा केला. अक्षरं मोठी केली. फॉर्म भरून पाहिला, तर ‘तुमचा निरोप पोचला, आभारी आहोत’ असं येतं, म्हणजे तिथे काही अडचण नाही, ऑफिसात विचारायचीही गरज वाटली नाही. नाव मी गमतीनं शेजारणीचं घातलं होतं. मग माझ्यातच काहीतरी कमी असणार. लोकांना नुसतं बघावंसं वाटतं, बोलावंसं वाटत नाही, असं काहीतरी मी केलंय, आणि ते मला दिसत नाही.

तुझ्या वेळी खरंच इतके निरोप यायचे का गं? तू काय करायचीस? मी शिकले तुझ्याजवळ, पण हे तू शिकवलं नाहीस.

बैठक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. तोवर असंच राहिलं तर मीच संचालकबाईंना सांगणार आहे की काम ताईला परत द्या. तुझा खांदा बरा आहे हे मी विसरले नव्हते. मला आठवायचं नव्हतं.

थोडी माया जास्तीची पाठव. सध्या खर्च फार आहे.

तुझी,
बारकी


१० मार्च

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. बारकीचंही पत्र आलं. तिनं स्वतःच्या तोंडानं लिहिलं की काम ताईला परत द्या म्हणून सांगेन. वाचून मला काय वाटलं असेल? तुला खोटं सांगत नाही. आधी बरं वाटलं. चांगलं घटकाभर बरं वाटलं. तिनं गमतीनं शेजारणीच्या नावानं भरलेला फॉर्मही माझ्याकडेच येऊन पडला होता, आणि मी तो बघून हसले होते.

मग मंगळवारी एक निरोप आला. एका मुलीचा. वडील जिन्यावरून पडलेत, दवाखान्यातून शुक्रवारी घरी सोडणार, घरी ना पलंग ना खुर्ची. शेवटी लिहिलं होतं, इथे कुणी वाचतं का तेच माहीत नाही, तरी लिहिते. मामी, वाचत तर मी होते. सगळे वाचत होते, चहा पीत.

उठले आणि संस्थेच्या नावानं उत्तर दिलं. जिना किती रुंद, वळणावर कठडा आहे का, न्हाणीघराचं दार आत उघडतं की बाहेर, सगळं विचारून घेतलं. मिस्त्रीला फोन केला. त्याला वाटलं मी ऑफिसच्या वतीनंच बोलते आहे, त्यानं गुरुवारीच सामान पोचतं केलं. मग मागचे सगळे निरोप उघडले आणि एकेकाला उत्तर लिहीत बसले. बहुतेकांना अजून गरज होती. काहींनी कुठून कुठून उसनं आणून भागवलं होतं.

एका बाईंनी सासूबाईंसाठी पलंग मागितला होता, फेब्रुवारीत. त्यांचं उत्तर आलं की आता गरज उरली नाही, चौकशी केलीत त्याबद्दल आभारी आहे. गरज का उरली नाही, ते मी विचारलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही.

आता रोज सकाळी उत्तरं देते, माणसांना वेळ ठरवून मिस्त्रीकडे पाठवते. पण बारकीला अजून सांगितलेलं नाही. पेन उचलते, तो फोटो आठवतो, आणि पुन्हा टोपण लावते. एवढं सगळं कळूनही जळणं काही थांबत नाही, याचं मलाच आश्चर्य वाटतं.

तुला आता माझी लाज वाटत असेल. तरी पत्र टाक.

तुझी,
मोठी


२६ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

ताई! फिरलं सगळं! माणसं येताहेत. नुसती येत नाहीत, कौतुक करत येताहेत. परवा मी संस्थेत गेले तर आवारात तिघं जण बसलेले. एक काका म्हणाले की वेबसाइटवर सकाळी लिहिलं आणि दुपारच्या आत उत्तर आलं. एक मुलगी सांगत होती की तिला जिन्याचं वळण आणि न्हाणीघराचं दार कसं उघडतं ते विचारलं, म्हणून खुर्ची पहिल्याच फेरीत बरोबर बसली. वडिलांना घरी आणायची तिला धास्ती होती, ती तुमच्या वेबसाइटनं घालवली म्हणाली. वेबसाइटनं! मला तर रडूच आलं.

उत्तरं ऑफिसातल्या बाई देत असणार. त्या बोलत नाहीत फारशा, पण आतून किती मायाळू निघाल्या बघ. मी त्यांना येताना आभार म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं आणि उलट माझेच आभार मानले. विनय म्हणतात तो हाच.

संचालकबाईंनी शाखांचं काम जवळजवळ माझ्या हातात ठेवलंय. बैठक आहे, पण ती नावापुरती, असं त्याच म्हणाल्या. शिवाय म्हणाल्या की पूर्वीच्या वेबसाइटवरून माणसं यायची, पण अशी समाधानानं येत नव्हती. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तुला सांगितल्याशिवाय मला आनंद पुरा होत नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या किल्लीवाल्याचं काय झालं? त्याचा एक तरी फोटो ठेव बाई, गरिबाचं मन राहील.

लोभाची टंचाई संपली. आता तुला हवा असेल तर माझ्याकडून ने.

तुझी,
बारकी


३० मार्च

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, ते या वयात कळलं. उत्तरं मी लिहायची, माणसांना धीर मी द्यायचा, मिस्त्रीची मनधरणी मी करायची, आणि लोकांनी येऊन तिचे गोडवे गायचे! संचालकबाई म्हणाल्या की पूर्वीपेक्षा आता माणसं समाधानी असतात. पूर्वीही मीच होते की! फरक एवढाच की पूर्वी मी नुसते निरोप पुढे पाठवायचे, आता जीव ओतून उत्तर देते. म्हणजे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम मी तिच्या नावावर केलं.

संचालकबाईंना एक पत्र लिहून ठेवलंय, की ही सगळी उत्तरं माझी आहेत. टाकलेलं नाही. टाकलं तर पहिला प्रश्न येईल की मग फेब्रुवारीत काय झालं होतं. सांगितलं तर मेले, न सांगितलं तर जळून मरते.

तू म्हणशील, आता तरी बहिणीला सांग. तिचं ते आनंदाचं पत्र वाचल्यावर कुठल्या तोंडानं सांगू? आणि खरं सांगू का? ती त्या ऑफिसातल्या बाईंना मायाळू म्हणाली, तेव्हा मला त्या बाईंचाही हेवा वाटला. कधी भेटले तर त्यांच्याशी नीट बोलणार नाही.

उत्तराची वाट बघत नाही. काय लिहिशील ते ठाऊक आहे. तरी लिही.

तुझी,
मोठी


९ एप्रिल

ताई,

बैठक एक तारखेलाच झाली. संचालकबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं की लोकांना इतक्या आपुलकीनं उत्तरं कशी देतेस, ते शाखांच्या माणसांनाही शिकव. मी म्हटलं, उत्तरं मी नाही, ऑफिसातल्या बाई देतात. बाई तिथेच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, छे, मी नाही, मला वाटलं तुम्हीच देता. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी तिथेच लॅपटॉप उघडला, फॉर्म उघडला, आणि निरोप जातात तो पत्ता वाचला.

महिनाभर तू मला मरू दिलंस. मी तुला विचारलं होतं, ताई. माझ्यात काय कमी आहे, हे तुला विचारलं होतं. तेव्हा तुझ्या समोर सगळे निरोप पडलेले होते.

मामीला लिहिलं. तिनं उत्तर दिलं की विचारलंस म्हणून सांगते, आणि सगळं सांगितलं. शेवटी लिहिलंय की तुझी ताई जळते तुझ्यावर. मला हसू आलं, खरंच. जळायचा मक्ता काय तुझ्या एकटीचा आहे? शाळेत मी तुझी बहीण. तुझ्या टेबलाशी बसून काम शिकले, तेव्हा तुझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकासाठी तुझी बहीण. आयुष्यात पहिल्यांदा त्या संस्थेत मला कुणी तुझी बहीण न म्हणता ‘वेबसाइटवाल्या बाई’ म्हणालं. आणि लोक ज्याच्यासाठी माझं कौतुक करत होते, तेही शेवटी तुझंच निघालं. मी कुणावर जळू ते सांग.

बैठकीत मी म्हटलं की निरोप ताईनं बघायचे हे आमचं दोघींचं ठरलेलं होतं, आणि सुरुवातीला ते पुढे गेले नाहीत ती चूक माझी, मी फॉर्म नीट तपासला नाही. सगळ्यांना पटलं. संचालकबाई खूश झाल्या. शाखांचं काम आता आपण दोघींनी मिळून करायचं आहे. मी हो म्हणून आले आहे. पत्ता बदललेला नाही, निरोप तुझ्याकडेच येत राहतील.

तुझ्याशी बोलायची मात्र सध्या इच्छा नाही. लोभाचं काही लिहायला हात उचलवत नाही, म्हणून नुसती सही करते.

बारकी


१६ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलीस ते बरं केलंस. तो राग मला समजतो, तो माझ्या हक्काचा आहे. पण बैठकीत माझी चूक तू स्वतःच्या अंगावर घेतलीस, ते मला सोसवत नाही. तुझा रंग चांगला, तुझा फोटो चांगला, आता मनही तुझंच मोठं? मोठी मी आहे, बारके.

म्हणून मंगळवारी संस्थेत गेले. संचालकबाईंना सगळं सांगितलं. आपलं काही ठरलेलं नव्हतं, निरोप माझ्याकडे येताहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तुझं काम फसावं म्हणून मी ते दाबून ठेवले. एका बाईंनी सासूबाईंसाठी पलंग मागितला होता, हेही सांगितलं. मी उत्तर दिलं तोवर त्यांना गरज उरली नव्हती. हे तुला ठाऊक नसेल. मामीनं लिहिलं नसेल, ते तिनं माझ्यासाठी ठेवलं असेल.

संचालकबाईंनी कागद पुढे ओढला. त्या बाईंचा पत्ता लिहून घेतला. स्वतः जाऊन भेटणार आहेत. मी बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

शाखांचं काम तुझ्या एकटीचं. तुझ्यावर त्या रागावलेल्या नाहीत, उलट माझ्याबद्दल तू जे खोटं बोललीस त्याचं त्यांना फार कौतुक वाटलं. बघ, तिथेही तूच पुढे. निरोप मात्र यापुढे थेट ऑफिसातच यावेत असं त्यांनी सांगितलं. बाहेर आले तेव्हा मिस्त्री विचारत होता की उद्याचा जिना किती रुंद आहे. म्हटलं, आता ऑफिसातल्या बाईंना विचार. हे मला फार लागलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. सकाळी उठून आता काय वाचायचं हा प्रश्नच आहे. तुझ्यावर जळते आहेच, ते एवढ्यात जाईल असं वाटत नाही. पण यापुढे जळले तर तुला आधी सांगून जळेन.

तेव्हा हे पत्र मिळाल्याबरोबर फॉर्मवरचा माझा पत्ता काढ आणि ऑफिसचा घाल. घातल्यावर स्वतः एक निरोप पाठवून बघ. काय हवं ते लिही, मनात असेल ते लिही. ताईचं काम आहे म्हणून न तपासता सोडू नकोस. मी इकडे बघत बसेन. तुझा निरोप माझ्याकडे आला नाही, की समजेन सगळं नीट झालं.

लोभ मागायची या खेपेला माझी पाळी नाही. काही उरला असेल तर कागदावर कळव.

तुझी,
ताई